चार दिवसांत चार अभयारण्यं? सह्याद्रीत प्राणी पाहायला निघालेल्या कुटुंबासाठी

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाळीच्या सुटीत हातात चार दिवस आहेत. बरोबर आठ आणि तेरा वर्षांची मुलं आणि सत्तरीला टेकलेली आई. कोयना, चांदोली, राधानगरी आणि आंबोली अशा चारही जागा करायच्या आहेत, आणि यांपैकी प्राणी हमखास कुठे दिसतील हे हवं आहे. मागच्या वर्षी एका अभयारण्यात दिवसभर फिरून माकडांशिवाय काही दिसलं नाही म्हणून मुलं हिरमुसली, हेही तुम्ही लिहिलंय. शेवटी एक ओळ आहे, की आपण गेल्याने जंगलाला त्रासच होत असेल तर जावं की नाही. मी बरीच वर्षं सह्याद्रीत लहान गटांना घेऊन निसर्गभ्रमंती करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी हमखासचं सांगून टाकतो. सह्याद्रीत हमखास असं काही नाही. तुमची खरी अडचण जागेच्या निवडीपेक्षा वेगाची आहे. चार दिवसांत चार जागा केल्यात तर त्यातला निम्मा वेळ घाटरस्त्यांवर जाईल आणि जंगलात तुम्ही नेमके भर दुपारी पोचाल. दुपारी सगळं रान विसावलेलं असतं. मागच्या वर्षी तुमचं असंच काहीसं झालं असावं.

बहुतेकांच्या मनात जंगल म्हणजे ताडोबा असतं. विदर्भातलं जंगल पानगळीचं आहे. मार्च-एप्रिलपर्यंत पानं झडून जातात, नजर लांबवर पोचते, उन्हाळ्यात पाणवठे मोजके उरतात आणि चितळांचे मोठे कळप असल्याने त्यांच्यामागे वाघही असतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचं रान सदाहरित आणि निमसदाहरित आहे. तिथे वाटेपासून दहा-पंधरा पावलांवर उभं असलेलं सांबर दिसत नाही. झाडांची छत्री दाट, त्यामुळे खाली गवत कमी. गवत कमी म्हणून चरणारे प्राणीही विरळ. भेकर एकेकटं फिरतं, पिसोरी, म्हणजे इवलं मूषक-हरीण, रात्री बाहेर पडते, कोळसुंद्यांची (रानकुत्र्यांची) टोळी मैलोन् मैल फिरत राहते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. हे नाव वाचून लोक वाघाच्या आशेने येतात आणि नाराज होऊन परततात. त्यात जंगलाचा काही दोष नाही. तिथे कोणी दुसरंच काही पाहायला शिकवत नाही, एवढीच उणीव आहे.

हे दुसरं काही म्हणजे नेमकं काय? पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यातल्या ३९ जागांपैकी चार महाराष्ट्रात आहेत: कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. हा मान मोठ्या जनावरांच्या संख्येवर मिळालेला नाही. इथले बेडूक, पाली, साप, गोड्या पाण्यातले मासे, सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावरची, इवली फुलं यांतल्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आंबोलीच्या परिसरात एक छोटा भेक सापडतो, त्याचं घर म्हणजे तेवढाच डोंगर. तिथल्याच हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडातल्या एका माशाचं वर्णन २०२० साली प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. हे सगळं पाहायला जिप्सी लागत नाही. खाली वाकायची तयारी आणि दाखवणारं माणूस लागतं.

आता ऋतूकडे येतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

तुम्ही दिवाळीत जाणार आहात. कासचा बहर साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो, म्हणजे तो बहुतेक संपलेला असेल. आंबोलीचे बेडूक जून-जुलैत ओरडतात. दिवाळीपर्यंत बरेचसे गप्प होतात. काजवे मेअखेर ते जूनमधले. पाणी सगळीकडे असल्यामुळे एखाद्या पाणवठ्यावर बसून जनावरं येतील हा उन्हाळ्यातला हिशेब आत्ता चालत नाही. गवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं. एवढं वाचून वाटेल की दिवाळी अगदीच चुकीची वेळ आहे. तसं नाही. फुलपाखरांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखे महिने नाहीत. ओढ्याकाठच्या ओल्या रेतीवर ऊन पडलं की ती थव्याने चिखलपानाला बसतात, मातीतले क्षार शोषून घेत, आणि माणूस हळू सरकला तर हातभर अंतरावरूनही उडत नाहीत. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, तो काळ्या पंखांवर निळाई मिरवणारा ब्लू मॉरमॉन, याच दिवसांत सहज दिसतो. हिवाळी पाहुणे पक्षी नुकतेच आलेले असतात. ओढ्यातल्या दगडावर शेपटी हलवत बसलेला करडा धोबी हा त्यांतला सगळ्यांत सोपा. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. आणि जळवा जवळजवळ गेलेल्या असतात, मुलांच्या आणि आईंच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

म्हणून माझा सल्ला: चारांपैकी तीन जागा या खेपेला सोडा आणि राधानगरी एकच करा. आंबोली पावसाळ्यासाठी राखून ठेवा. कोयनेतला वासोटा किल्ला सुंदर आहे, पण बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, चढून जायचं आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचं, कारण आत मुक्कामाला परवानगी नाही. आईंना ते झेपणार नाही आणि त्यांना काठावर दिवसभर बसवून ठेवणं बरं नाही. चांदोली मला स्वतःला फार आवडतं, पण पहिल्या भेटीला ते अबोल वाटतं.

राधानगरीचं अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक, आणि ते झालं गव्यासाठी. लोक अजून त्याला दाजीपूर म्हणतात. कोल्हापुरापासून दाजीपूर साधारण ८० किलोमीटर. राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचा जलाशय वाटेतच लागतो. इथे दाट रान आणि मोकळे सडे शेजारी शेजारी आहेत, आणि हीच मला या जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. गवा दिवसा रानाच्या सावलीत असतो. सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावर चरायला मोकळ्यावर येतो. सावराई सड्यासारख्या जागी अशा वेळी पोचलात तर कळप दिसण्याची शक्यता चांगली असते. शक्यता म्हणतोय, खात्री नव्हे. चांदोलीतही हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. तिथली गावं उठून पुनर्वसनाला गेली, त्यांची शेतं आणि गावठाणं आता गवताळ झाली आहेत आणि गवे तिथेच चरायला येतात. तिथे फिरताना घराचा चौथरा, तुळशीवृंदावन दिसतं. मुलांना ते दाखवा आणि जंगल राखण्यासाठी कोणीतरी आपलं घर सोडलंय हे नीट सांगा.

दिवस कसा आखायचा ते सांगतो. पहाटे साडेपाचला उठणं हा एकच नियम कडक ठेवा. सहा ते साडेनऊ जंगलात. मग नाश्ता, झोप, वाचन, पत्ते, काहीही. परत साडेतीननंतर बाहेर. दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी त्याच त्याच वाटेवर गेलात तरी चालेल, उलट तेच चांगलं. पहिल्या दिवशी मुलांना नुसती झाडं दिसतात. दुसऱ्या दिवशी तीच वाट ओळखीची झालेली असते आणि काल नव्हतं ते आज लगेच डोळ्यांत भरतं: ताजा ठसा, सांबराने शिंग घासून सोललेलं खोड, अस्वलाने उकरलेलं वारूळ. एका वाटेवर पुन्हा पुन्हा जाणं हा माझ्या कामातला सर्वांत उपयोगी धडा आहे, आणि नेमका तोच लोकांना पटवायला सर्वांत जड जातो.

गाडीतून फिरणं पूर्ण टाळा असं म्हणणार नाही. आत जायला वाहन लागतं आणि आईंसाठी ते गरजेचंच आहे. पण जिथे वनविभागाची परवानगी आहे आणि मार्गदर्शक बरोबर आहे, तिथे उतरा, गाडी बंद करा आणि वीस मिनिटं नुसते थांबा. सदाहरित रान कानाने पाहावं लागतं. शेकरूचा खडखडाटी आवाज आधी येतो, मग माथ्याच्या फांद्यांत लालसर झुपकेदार शेपूट दिसते. हा आपला राज्यप्राणी पूर्णपणे दिवसाचा आहे, त्यामुळे मुलांसाठी याहून चांगला प्राणी नाही. तो एकाच परिसरात अनेक घरटी बांधतो. झाडांच्या माथ्याजवळ काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसले तर मुलांना मोजायला सांगा. पक्ष्यांचंही तसंच. तासभर रान सुनं वाटतं आणि मग अचानक एक मिश्र थवा येतो: निखार, वटवटे, सुतार, शिलींध्री, आणि त्यांच्या हालचालीने उडालेले किडे टिपायला बरोबर कोतवाल. दहा मिनिटांत दहा जाती डोक्यावरून निघून जातात. असा थवा सापडला की पुढे जायची घाई अजिबात करू नका, त्याच्याबरोबर राहा.

मार्गदर्शक स्थानिकच घ्या. फक्त त्यांना पैसे मिळावेत म्हणून नाही, जरी ते कारणही पुरेसं आहे. ज्या माणसाने लहानपणी त्या रानात गुरं राखली, त्याला गवा कुठल्या वाटेने उतरतो हे माहीत असतं. पहिल्याच भेटीत त्याला सांगून टाका: ‘दादा, आम्हाला यादी करायची नाही. तुम्हाला जे आवडतं ते दाखवा.’ या एका वाक्याने सगळा दिवस बदलतो. नाहीतर तो बिचारा पर्यटकांना गवा दाखवलाच पाहिजे या दडपणाखाली गाडी पळवत राहतो, आणि पळणाऱ्या गाडीतून काहीच दिसत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जाण्याने त्रास होतो का? होतो. किती, ते तुम्ही कसे जाता यावर आहे, आणि तुमच्यासारखे किती जण त्याच दिवशी तिथे येतात यावरही.

कासचं उदाहरण घ्या. तिथे जांभ्याच्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर आहे. त्यात दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पती, सीतेची आसवे, तेरडा, गेंद, छोट्या डबक्यांत वायतुरा वाढतो. फोटोसाठी फुलांत बसलेलं एक कुटुंब तो थर तुडवून दाबून टाकतं आणि त्यातलं पुढच्या वर्षीचं बी मरतं. म्हणून तिथे आगाऊ नोंदणी आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा ठेवावी लागली. काजव्यांचं आणखी नाजूक आहे. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद, आणि पूर्ण वाढलेल्या काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचंच असतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या परिसरात त्या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात. हेडलाइट आणि मोबाइलच्या उजेडात ती साद पोचतच नाही. ज्या झाडाखाली शंभर माणसं टॉर्च घेऊन उभी राहतात, त्या झाडावर पुढच्या वर्षी काजवे कमी दिसले तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

फोटोच्या नादात होणारं नुकसान मला सर्वांत जास्त सलतं. मलबारी चापडा हा साप भक्ष्याची वाट पाहत एकाच फांदीवर दिवसेंदिवस बसून राहतो. काही जण त्याला काठीने उचलून ‘चांगल्या’ फांदीवर ठेवतात. बेडूक पकडून पानावर बसवतात. बेडूक कातडीनेही श्वास घेतो. आपल्या हाताला डास पळवायचं मलम लागलेलं असेल तर ते थेट त्याच्या अंगात जातं. धनेश पक्ष्याची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि कित्येक आठवडे तिचं आणि पिल्लांचं पोट एकट्या नरावर असतं. ढोलीसमोर कॅमेरे रोखून माणसं बसली की नर घास घेऊन जवळ यायला कचरतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही याच जातीचं. तो प्रतिस्पर्धी आला समजून घरटं सोडून धावत येतो. तुमचा मार्गदर्शक यांपैकी काही करायला लागला तर नम्रपणे ‘नको’ म्हणा. पर्यटकच नको म्हणाला की ती सवय लवकर सुटते, हे मी पाहिलंय.

घाटात माकडांना बिस्किटं देऊ नका, हे मुलांना निघायच्या आधीच सांगून ठेवा. ती रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात आणि पिशव्या हिसकावायला शिकतात. मग चावा घेतला की सगळे त्यांनाच दोष देतात. अंधार पडल्यावर घाटात गाडी तीसच्या वर नेऊ नका.

राहायला शक्यतो गावातलं घरगुती निवासस्थान बघा. आरक्षण करताना दोन प्रश्न विचारा: रात्री ध्वनिक्षेपक लागतो का, आणि कचरा कुठे जातो. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा. अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याच्या भाताची नासाडी गवे करतात, भरपाईसाठी त्याला खेपा घालाव्या लागतात. आपण दिलेल्या भाड्यातले पैसे त्याच्या किंवा त्याच्या शेजाऱ्याच्या हातात पडले, तर गवा जिवंत असण्यात त्याचाही काही फायदा राहतो. शहरातल्या मालकाच्या मोठ्या रिसॉर्टमधून हे क्वचितच घडतं.

सुरक्षेचं थोडक्यात. गवा शांत दिसतो, पण एकटा नर आणि पिल्लाबरोबरची मादी यांच्यापासून फार लांब राहा. त्याने चरणं थांबवून तुमच्याकडे रोखून पाहिलं, फुत्कार टाकला, की तुम्ही नको तितके जवळ आलेले आहात. पळू नका, पाठ न फिरवता हळूहळू मागे या. सड्यांवर फुरसं हा विषारी साप असू शकतो, म्हणून दगड उलटवणं नाही आणि मुलांच्या पायात चपला नाहीत, बूटच. सर्पदंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांत वेळ न घालवता हात-पाय स्थिर ठेवून सरकारी रुग्णालय गाठायचं. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे, चापड्यावर ती भरवशाची नाही, म्हणून त्याच्या जवळ तर जायचंच नाही.

पावसाळा संपला की गोचिडांचा काळ सुरू होतो. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गच्या बाजूला, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडांमधून पसरतो. राधानगरीलाही काळजी तीच घ्या: पँट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यात बसू नका, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि सगळ्यांचं अंग तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता मार्गदर्शकाला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर आठवड्याभरात कोणाला जोराचा ताप आला, तर जंगलात जाऊन आल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

ज्या गोष्टी माझ्या हातात नाहीत त्या शेवटी. अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं आणि नंतर नेमकं कधी उघडतं हे रस्ते किती वाळले यावर ठरतं. पाऊस लांबला तर दिवाळीतही आतले रस्ते बंद असू शकतात. म्हणून निवासाचे पैसे भरण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात फोन करून तारीख, प्रवेशाची वेळ आणि वाहनाची सोय विचारून घ्या. सुटीच्या दिवसांत गर्दी असते; शक्य असेल तर भाऊबीज उरकून मग निघा, दोनच दिवसांचा फरक पण तिथे तो फार जाणवतो. आणि प्रवेश बंदच असला तरी बेत रद्द करू नका. राधानगरीतच राहा, सकाळी जलाशयाच्या काठच्या आणि गावांमधल्या रस्त्यांवर चाला. शेताच्या बांधावरची उंबराची झाडं शोधा. पिकलेल्या उंबरावर हरियाल, तांबट, बुलबुल, आणि नशिबात असलं तर धनेश, सगळे एकाच झाडावर येतात, आणि आईंनाही खुर्ची टाकून ते निवांत पाहता येईल. दुर्बीण एकच असली तरी चालेल, पण ती तेरा वर्षांच्या मुलाकडे द्या आणि धाकट्याकडे वही-पेन्सिल. मार्चनंतर पुन्हा सवड झाली तर कळवा. उन्हाळ्यातली राधानगरी आणि बुद्धपौर्णिमेला वनविभागाकडून होणारा मचाणावरचा निसर्गानुभव यांबद्दल तेव्हा वेगळं लिहीन.